वहीतला दुसरा रकाना

"माझा विश्वासच खोटा असेल का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं.

माझ्याकडे समुपदेशनाला आलेले चाळिशीतले गृहस्थ, चर्चच्या मंडळीत प्रार्थना चालवणारे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आदल्या दिवशी त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक निखळलं. तिने दात आवळले आणि हुबेहूब बाबांच्या सुरात एक कचकचीत शिवी हासडली. मग शांतपणे चाक बसवत राहिली.

तोंडात शिवी येते म्हणजे आपण ख्रिस्ताचे नाहीच का, हा प्रश्न मला नवा नाही. मी येशूचा शिष्य पेत्र याची आठवण काढली. येशूला धरून नेलं त्या रात्री अंगणातले लोक त्याला म्हणाले, तुझ्या बोलीवरूनच कळतंय तू येशूच्या माणसांतला आहेस. तर हा ते नाकारत, शाप देत शपथा वाहायला लागला. आणि पुढे पेन्टेकॉस्टच्या दिवशी, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, लोकांपुढे उभा राहून येशूबद्दल बोलला तोही हाच. त्यांना जरा हायसं वाटलं. पण दाखल्याने जीभ ताळ्यावर येत नाही, म्हणून मी वही घ्यायला सांगितलं. शिवी कधी आली, आधी काय घडलं, अंगात काय जाणवलं, एवढंच लिहायचं.

चार दिवसांत कळलं, शिवीच्या आधी त्यांचा जबडा आवळतो. सवय मोडण्याची एक रीत अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडली होती, मुळात नखं खाणं, अंगाला झटके देणं अशा सवयींसाठी. सवयीची चाहूल ओळखायची आणि तिच्या जागी तिच्याबरोबर होऊच शकणार नाही अशी कृती करायची. आम्ही तीच वापरली: जबडा आवळला की ओठ मिटून नाकाने लांब श्वास सोडायचा. शिवीऐवजी 'अरे देवा' म्हणा, असंही काही जण सुचवतात. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको ही आज्ञा पाठ असलेल्या माणसाला हा सल्ला कसा द्यायचा!

तीन आठवड्यांत शिव्या बऱ्याच कमी झाल्या. स्वारी खूश. त्या खेपेला मी त्यांच्या पत्नीलाही बोलावलं होतं. तिने वही चाळली, मिटली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "शिव्या कधी मला नव्हत्याच. 'तुला सांगून काय उपयोग', हे मला असतं. ते ह्यात कुठेय?"

बराच वेळ कुणी बोललं नाही.

इफिसकरांस पत्रातलं ४:२९ त्यांना तोंडपाठ होतं. त्यात मराठी बायबल 'कुजके भाषण' म्हणतं. मूळ ग्रीक शब्द 'साप्रोस', म्हणजे सडलेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात जाळ्यातले जे मासे फेकून दिले, त्यांनाही हाच शब्द आहे. आपल्याकडे 'कुजकट बोलणं' शिवीला म्हणत नाहीत, टोमण्याला म्हणतात. मी इतकंच म्हटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पानावर उभी रेघ मारून दुसरा रकाना केला.

हा रकाना फार अवघड गेला. शिवीआधी जबडा तरी आवळायचा; टोमणा हसत हसत निघायचा, आधी काही कळायचंच नाही. पहिल्या आठवड्यात तर तो रकाना पत्नीनेच भरला. सहाव्या भेटीला त्यांनी एक नोंद वाचून दाखवली: "मंगळवार. शिवी दोन. कुजकट शून्य. रात्री हिने विचारलं, गप्प का, बरं वाटत नाहीये का?"