पाऊण किलो कुंद्याचे अदपावाचे पुडे किती?

खानापूर तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. बाजारात किराणा दुकान आहे. मुलगी गणित-भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, ५८ टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीपासून (अकरावी-बारावी) इंग्रजी. तिने लगेच बी.एड. करावं असं वडिलांना वाटतं. मुलगी म्हणते थांबू या, विषय कच्चा आहे. वडील लिहितात, "सहावी-सातवीला शिकवायला एवढं काय यायला लागतं? बी.एड.मध्ये शिकवतीलच की. थांबली तर वर्ष वाया. बी.एड. झालं की स्थळंही बरी येतात. तुम्हीच तिला चार शब्द सांगा, आणि टीईटीचा क्लास बेळगावात बरा की धारवाडात तेही कळवा."

पत्राच्या तळाशी वेगळ्या शाईत, बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: "मॅडम, अपूर्णांकाने भागताना खालचा अपूर्णांक उलटा करून का गुणतात हे मला सांगता येत नाही. मी शिकवू का?"

नमस्कार. तुम्ही चार शब्द सांगायला सांगितलेत. ते तुम्हालाच सांगते, राग मानू नका.

तुमच्या दीड पानी पत्रात मुलीला काय वाटतं यावर अर्धं वाक्य आहे, आणि तेही तक्रारीचं. तिने मात्र दोन ओळींत सगळं सांगितलं. मी बरीच वर्षं बी.एड.च्या मुलामुलींचे सराव पाठ बघितले. आपल्याला अमुक येत नाही, असं आपण होऊन सांगायला येणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी भेटली. तुमच्या घरात त्यातली एक आहे आणि तुम्ही तिला गप्प करायला माझी मदत मागताय.

स्थळांचं म्हणाल, तर बी.एड. हे बायोडाटात लिहिण्यापुरतंच हवं असेल तर मला विचारायची गरज नव्हती. कुठल्याही कॉलेजात घाला. पण ती उद्या ज्या वर्गासमोर उभी राहील, तिथे चाळीस पोरं असतील. त्यांचे बाप तुमच्यासारखेच दुकान, शेत, ट्रॅक्टर सोडून पालकसभेला येतील, आणि त्यांच्या मुलांनी ५८ टक्केवाल्या बाईंकडून घोकंपट्टी घेतलेली त्यांना चालणार नाही. तुम्हाला चालली असती का?

आता "बी.एड.मध्ये शिकवतीलच की" याबद्दल. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, अख्ख्या बेळगाव जिल्ह्याचा आहे. बी.एड.ला विषय शिकवत नाहीत. तो तुम्हाला येतो असं धरून चालतात. तिथे शिकायचं ते बालमानसशास्त्र, अध्यापन पद्धती, मूल्यमापन, आणि मग शाळेत जाऊन महिनोन्महिने पाठ घ्यायचे. एकदा एका मुलीने ऋतूंवर पाठ घेतला. थर्माकोलचा सूर्य, फिरणारी पृथ्वी, पाठटाचण आखीव. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, सगळं नेटकं. आणि वर्गाला सांगितलं काय, तर पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उन्हाळा होतो. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, बेळगावात आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा. ऋतू होतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. तपासायच्या तक्त्यात "आशय" या रकान्याला थोडेच गुण होते, बाकीचे रकाने भरले, आणि त्या पाठाला मीही चांगले गुण दिले. ती वर्गभर पोरं आजही तेच धरून बसली असतील.

टीईटीने, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेनेही, हे भोक बुजत नाही. कर्नाटकाच्या टीईटीचा सहावी ते आठवीचा पेपर १५० गुणांचा: बालविकास ३०, दोन भाषा प्रत्येकी ३०, गणित-विज्ञान ६०. खुल्या गटाला ९० लागतात. पहिल्या तिन्हींत मिळून ७० काढले की गणित-विज्ञानात ६० पैकी २० पुरतात. चार पर्यायांतला एक डोळे मिटून ठोकला तरी सरासरी १५ पडतात, चुकीला गुण कापत नाहीत. दुकानदार आहात, हिशेब तुम्हीच करा. खरी कसोटी पुढे भरतीला. २०२२ साली सहावी ते आठवीच्या १५,००० जागा निघाल्या तेव्हा विषयाचा वेगळा पेपर होता आणि गणित-विज्ञानवाल्यांना उत्तरं लिहून द्यायची होती. तिथे ठोकून भागत नाही. म्हणून क्लास बेळगावात की धारवाडात, हे आज मी सांगत नाही. वेळ आली की बघू. महाराष्ट्रात अर्ज करायचा विचार असेल तर तिकडची टीईटी आणि भरतीची अभियोग्यता चाचणी वेगळी, आणि तुमचं गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर रहिवासाचे कागद आत्ताच जमवून ठेवा. एवढं पुरे.

"वर्ष वाया" म्हणताय. इंग्लंडात गणित किंवा भौतिकशास्त्राचा शिक्षक व्हायला निघालेल्यांसाठी, प्रशिक्षणाआधी विषय पक्का करायचे ८ ते २८ आठवड्यांचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. पदवी असलेल्यांसाठीच. आपल्याकडे तशी सोय नाही, तर तुमची मुलगी ती घरी करू बघतेय. तिला सहा-सात महिने द्या. आणि मधेच कुणी एम.एस्सी. सुचवलं तर नको. तिची अडचण सातवीच्या पुस्तकातली आहे, ती एम.एस्सी.त भेटणार नाही.

आता तुझ्याशी बोलते, बाळ. तू शिकव. पण आधी खाली उतर. कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेची पाचवी ते दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं काढ, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची, शेजारी शेजारी ठेवून वाच. तुझी खरी अडचण मला इथे दिसते: तू एकच गोष्ट दोन भाषांत अर्धी-अर्धी शिकलीस. दहावीपर्यंत त्वरण, पीयूसीत ॲक्सिलरेशन, आणि उद्या कन्नड शाळेत नेमणूक झाली तर वेगोत्कर्ष. आपल्या त्रिकोणाला तिकडे त्रिभुज म्हणतात, अपूर्णांकाला भिन्नराशी. शब्द तिन्ही भाषांत पाठ असून उपयोग नाही. धावत्या बसला ब्रेक लागल्यावर नेमकं काय बदलतं हे शब्दाशिवाय सांगता आलं पाहिजे. सीमाभागातल्या मुलांना हे ओझं वाटतं, मला तो फायदा वाटतो. ज्याला एक गोष्ट तीन शब्दांनी सांगावी लागते, त्याला ती कळल्याशिवाय गत्यंतरच नसतं.

गल्लीतली चार पोरं जमव, दोन मराठी शाळेतली, दोन कन्नड. फी घेऊ नकोस. एक वही कर आणि "का?" आलं की त्यात लिही. त्यांचंही आणि तुझंही.

पहिलं पान तुझ्याच प्रश्नाचं. बाबांच्या दुकानात पाऊण किलो कुंदा, आपली बेळगावची मिठाई, आहे; अदपावाचे, म्हणजे अर्ध्या पावाचे (१२५ ग्रॅम) पुडे बांधायचे. किती होतील? पाऊण भागिले एक-अष्टमांश. एका किलोत अदपावाचे पुडे आठ. आपल्याकडे आहे पाऊण किलो, म्हणजे आठाचे पाऊण: सहा. भागायला बसलो आणि आठने गुणलं, कारण तो आठ म्हणजे "एका किलोत किती" याचं उत्तर आहे. उलटं करणं म्हणजे एवढंच. आणि आठाचे पाऊण सहा हे बाबांना कागदाशिवाय येत असेल. त्यांच्या आधीच्या पिढीने तर शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊणचे पाढे, पाठ केलेली असायची. संध्याकाळी दुकानात तासभर बसत जा, तुझी निम्मी शिकवणी तिथेच होईल.

पुढचं तू कर. तोच पाऊण किलो कुंदा, पण पुडे अर्ध्या किलोचे. पाऊण भागिले अर्धा, उत्तर दीड. प्रत्यक्षात एक पुडा भरला आणि उरला पाव किलो. मग उत्तरातला तो "अर्धा" कुठून आला? बाबांना तागडीसमोर उभं करून समजाव. त्यांना पटलं की मला लिही, आणि नाही पटलं तर ते कुठे अडले तेही लिही.