कृषी सल्ला : गवतातली गोचीड आणि भिंतीतली गोचीड

गणपती विसर्जन झालं की आमच्याकडे गोचिडींचे फोन सुरू होतात. पावसाभर वाढलेलं गवत तसंच उभं असतं, उघडीप मिळते, ऑक्टोबरचं ऊन चढतं आणि गुरं, कुत्री, पोरं पुन्हा अंगणात वावरायला लागतात. यंदा आलेल्या प्रश्नांपैकी तीन इथे घेतो. तिघांच्या दुखण्याचं नाव एकच, पण औषध एक नाही.

गोराईच्या एका ताईंची घरामागे वांगी, मुळा, माठाची वाडी आहे आणि दोन गाई आहेत, एक संकरित, एक गीर. त्या लिहितात, "संकरित गाईला दर पंधरा दिवसांनी औषध लावते. चार दिवस बरे जातात, मग पुन्हा कानामागे, कासेला, शेपटीखाली गोचिडी. अंगणात काय मारू?"

आरेतल्या एका पाड्यावरचे दादा विचारतात, "बिबट्याच्या भीतीने कुत्रा रात्री घरात घेतो. आता गोचिडी भिंतीवरून छपरापर्यंत चढतात. परवा धाकट्या मुलीच्या मानेवर एक चिकटलेली सापडली. रॉकेल शिंपडू का?"

आणि मरोळ गावठाणातले काका, अंगण दोन खाटांएवढं : "इंटरनेटवर वाचलं की अंगणाभोवती लाकडाच्या तुकड्यांचा तीन फुटांचा पट्टा केला की गोचीड आत येत नाही. करून घेऊ का?"

तिघांनाही माझा पहिला सवाल एकच. गोचीड कोणाच्या अंगावर आहे, गाईच्या की कुत्र्याच्या? कारण अंगणात या दोन वेगळ्या जाती नांदतात. एकीचं घर गवतात, दुसरीचं भिंतीत. हे न ओळखता फवारणी केली तर पैसे जातात आणि गोचीड राहते.

ताईंची गोष्ट आधी. आपल्याकडे गाईगुरांवर सगळ्यात जास्त दिसते ती गोचीड एकाच जनावरावर आयुष्य काढते. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा पायांचं, मोहरीच्या दाण्याहून बारीक. ते गवताच्या पात्याच्या टोकाशी जाऊन पुढचे पाय पसरून बसतं. गाय घासून गेली की चिकटतं. मग तिथेच रक्त पितं, तिथेच दोनदा कात टाकतं, पायांचे आठ होतात, तिथेच नर-मादीची गाठ पडते. हे सगळं साधारण तीन आठवड्यांत उरकतं. शेवटी मादी रक्त पिऊन टम्म फुगते, करडी, गुळगुळीत, थेट एरंडाच्या बीसारखी, आणि खाली गळून पडते. जमिनीवर ती एखाद्या आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. पिल्लं निघाली की पुन्हा गवतावर. गाय मिळाली नाही तरी ती कित्येक आठवडे, ओलावा असेल तर महिनेसुद्धा तग धरतात.

म्हणजे तुम्हाला गाईवर दिसते ती थोडी, उरलेली सगळी जमिनीवर. औषधाने गाय मोकळी होते, अंगण होत नाही.

मी ताईंच्या गोठ्यात सकाळी सहाला गेलो होतो. मुद्दाम त्या वेळी, कारण फुगलेल्या माद्या जास्त करून पहाटे आणि सकाळी गळतात. बॅटरी घेऊन गव्हाणीच्या कोपऱ्यात, खुंट्याच्या बुडाशी, फरशीच्या तड्यांमध्ये पाहिलं तर अकरा सापडल्या. ताई रोज आठला गोठा झाडतात आणि केर वाडीच्या कडेला टाकतात. आठपर्यंत माद्या फटीत शिरलेल्या असतात. ज्या केरात जातात त्या वाडीच्या बांधावर अंडी घालतात, आणि त्याच बांधावरचं गवत कापून ताई गाईला घालतात. चक्र पुरं झालं.

ताई, उपाय यातच आहे. सकाळी गाई उठल्या की आधी जमीन झाडा, शेण नंतर. फुगलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाका. पायाखाली चिरडू नका आणि नखाने तर मुळीच नाही. केर वाडीवर न टाकता शेणाच्या ढिगात मधोमध पुरा, नीट रचलेला ढीग आतून चांगला तापतो. फरशीचे तडे आणि गव्हाणीचे सांधे सिमेंटने बुजवा, वरून चुना मारा. माझ्या मते याच्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ औषध दुसरं नाही. भिंतीला टेकून रचलेला पेंढा दीड-दोन फूट पुढे ओढा आणि फळीवर, विटांवर ठेवा. बांधावरचं गवत चार बोटांवर कापा, म्हणजे ऊन मुळापर्यंत पोचेल. कोरड्या उन्हात बारकी पिल्लं टिकत नाहीत, त्यांचा ओलावा सुकतो. कापलेलं गवत ओलं असताना गव्हाणीत टाकू नका, गोठ्यापासून लांब दिवसभर उन्हात पसरा.

आणि एक चूक, ती जवळजवळ प्रत्येक गोठ्यात पाहतो. गीर गाईवर गोचिडी दिसत नाहीत म्हणून तिला औषध लावत नाही, असं तुम्ही मला सांगितलंत. देशी गाईवर कमी असतात हे खरं, संकरित जनावराची कातडी गोचिडीला जास्त मानवते. पण कमी म्हणजे नाही, असं नव्हे. गोठ्यातल्या सगळ्या जनावरांना एकाच दिवशी, अंगभर औषध लागलं पाहिजे : कानाच्या आत, मानेच्या वळ्यांत, कासेच्या मागे, खुरांच्या बेचक्यात. औषध कोणतं आणि पाण्यात किती, हे पशुवैद्यकांकडूनच घ्या. तुमची संकरित गाय दुधात आहे, म्हणून कोणी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सुचवलं तर आधी दुधाचं विचारा, त्याचा अंश दुधात उतरतो. एकच औषध वर्षानुवर्षं, तेही कमी मात्रेने लावलं की गोचिडी त्याला सरावतात. तुमचे "चार दिवस बरे" हे त्याचंही लक्षण असू शकतं, तेव्हा औषध बदलायचं का हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. शेतीची कीटकनाशकं जनावराच्या अंगाला लावू नका. जुन्या बाटल्यांतलं डायक्लोरव्हॉस अजून काही घरांत पाहतो, त्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. काळं ऑइल आणि तंबाखूचा काढा, दोन्ही विसरा. तंबाखूतलं निकोटिन कातडीतून शरीरात जातं आणि जनावर मरू शकतं.

वाडीच्या बांधावर फवारायचं तर निंबोळी अर्क पाच टक्के पुरे : दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीच्या गराची भुकटी, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून, संध्याकाळी. तो लहान पिल्लांवर काम करतो. फुगलेल्या मादीवर त्याची भिस्त ठेवू नका, तिच्यासाठी सकाळचा झाडू आहे. गोचिडीची जनावराची औषधं भाजीच्या जवळपासही नेऊ नका, आणि पंप विहिरीवर किंवा खाडीच्या कडेला धुऊ नका. डेल्टामेथ्रिनसारखी औषधं मासे आणि खेकड्यांना फार विषारी असतात, आणि तुमच्या शेजाऱ्यांचं पोट त्याच खाडीवर आहे.

गाईला ताप आला, चारा सोडला, लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्या दिवशीच डॉक्टर बोलवा. गोचिडीने पसरवलेल्या रोगात रक्ताच्या तांबड्या पेशी फुटतात आणि दोन दिवस थांबणं महागात जातं.

आता दादांचं घर. दादा, तुमची गोचीड वेगळी. कुत्र्याची तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. पिल्लू रक्त पितं, खाली पडतं, फटीत जाऊन कात टाकतं, पुन्हा कुत्रा शोधतं. असं दोनदा, आणि तिसऱ्यांदा मादी उतरते ती अंडी घालायला. आणि उतरली की तिला वर चढायची सवय, म्हणून ती तुम्हाला छपराच्या वाशांत दिसते. तुमचा कुत्रा रात्री घरात झोपतो म्हणजे पोट भरलेल्या गोचिडी तुमच्या घरातच उतरतात. बाहेरचं गवत कितीही कापलंत तरी याला उतार पडणार नाही. आणि बिबट्याच्या रानात कुत्र्याला रात्री बाहेर ठेवा, असं मी सांगणार नाही.

रॉकेल नको. कुडाच्या भिंती आणि घरात चूल, एका ठिणगीचं काम आहे. गोठ्यात फटी जाळायला फ्लेम गन वापरतात तीही तुमच्या घरात नको. त्याऐवजी भिंत लिंपा. कारवीच्या काटक्यांमधलं लिंपण जिथे सुटलंय तिथेच गोचिडींची वस्ती आहे. तुमच्या दाराच्या डाव्या बाजूला, कुत्रा झोपतो त्याच्या वर, हातभर उंचीवर मी सुरीचं टोक घालून लिंपणाचा पापुद्रा उचलला. मागे खसखशीच्या पुडीसारखा तपकिरी चकचकीत अंड्यांचा पुंजका होता आणि शेजारी सुकलेली मादी. सुटलेलं सगळं लिंपण खरवडून काढा, खरवड लगेच उकळत्या पाण्यात टाका आणि शेणमातीचा दाट थर नव्याने द्या, वाशांच्या सांध्यापर्यंत. कुत्र्याचं गोणपाट उकळून कडक उन्हात वाळवा. त्याची झोपायची जागा एकच ठेवा, म्हणजे शोधायची जागाही एकच राहील. आणि त्याच दिवशी कुत्र्याला पशुवैद्यकांच्या सल्ल्याने गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध द्या. भिंत आज आणि कुत्रा पुढच्या आठवड्यात, असं केलंत तर दोन्ही वाया. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, तिथल्या रुग्णालयात कुत्रा दाखवता येईल.

दर पंधरा दिवसांनी भिंत पुन्हा तपासा, निदान तीन महिने. अंडी औषधाला सहसा दाद देत नाहीत, त्यामुळे एका फेरीत काम होत नाही. "मे महिन्यात गावाला जाऊ, घर बंद राहिलं की उपाशी मरतील," असं तुमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं. नाही मरत. ही गोचीड उपाशीपोटी वर्षभरसुद्धा राहते, आणि तुम्ही परत याल तेव्हा सगळ्या भुकेल्या असतील.

मुलीचं नीट वाचा. गोचीड चिकटलेली दिसली तर तेल, रॉकेल, काडीपेटी काही लावू नका. त्याने ती जास्तच लाळ आत सोडू शकते. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाजवळ धरा आणि पिळ न देता, हळू, सरळ वर ओढा. जागा साबणाने धुवा, हात धुवा, तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर, विशेषतः तळहात-तळपायावर पुरळ आलं तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात "गोचीड चावली होती" म्हणून सांगा. गोचिडीच्या तापावर औषध आहे, पण ते वेळेत सुचायला हवं. माकडतापाचं तुम्ही विचारलंत. तो कर्नाटकातल्या शिमोग्याकडे १९५७ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला आढळला. तो पसरवणारी रानगोचीड निराळी, तुमच्या कुत्र्याची नव्हे. गुरांवरची गोचीड मात्र हाताने चिरडू नका, असं पुन्हा सांगतो. २०११ मध्ये गुजरातेत काँगो ताप निघाला, तो रोग गोचिडीच्या चाव्यातून आणि चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातूनही माणसात येतो.

काकांना थोडक्यात. लाकडाच्या तुकड्यांचा पट्टा हा अमेरिकेतला सल्ला. तिथे घराला लागून रान असतं आणि हरणा-उंदरांवरची रानगोचीड कोरडा पट्टा ओलांडायला कचरते. तिथे तो बरोबरच आहे. तुमच्या अंगणाला लागून रान नाही, गल्ली आहे, आणि गोचीड चालत येत नाही, कुत्र्यावर बसून येते. शिवाय आपल्या पावसात ते लाकूड जुलैपर्यंत कुजेल आणि गोगलगायी भरतील. त्या पैशांत ओट्याखालची पोकळी आणि पायऱ्यांचे सांधे बुजवून घ्या. तुमच्या पायरीवर झोपणारा गल्लीतला कुत्रा हाकलू नका, तो शेजारच्या पायरीवर जाईल एवढंच. प्राण्यांचं काम करणाऱ्या लोकांना सांगून त्यालाही औषध द्या. आणि तुमच्याकडे मांजरी आहेत, म्हणून एक सावधगिरी : कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीला लागलं तर मांजर दगावतं. बाटली घेताना विचारा.

गोराईहून आणखी एक चौकशी होती, कोंबड्या पाळल्या की गोचिडी संपतात का. कोंबड्या टिपतात, हे खरं, गोठ्यात सोडल्या तर मदतच होते. पण कोंबड्यांची स्वतःची एक गोचीड असते, खुराड्याच्या फळ्यांच्या फटीत दिवसा दडणारी आणि रात्री बाहेर येणारी. रात्री दहाला बॅटरी घेऊन खुराडं पाहा. आणि ज्या दिवशी फवारलंत त्या दिवशी कोंबड्या कोंडून ठेवा.

दादा, लिंपण वाळलं की कळवा. दाराची डावी बाजू मला पुन्हा पाहायची आहे.