वर्ष नको, बुधवार घ्या

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे, अकाउंट्समध्ये नोकरी करते. दोन वर्षांपासून एक पटकथा लिहिते आहे. रात्री दहानंतर बसते. आतापर्यंत २३ पानं झाली. नोकरी सोडून एक वर्ष पूर्ण वेळ लिहावं आणि निवृत्तीच्या पुंजीतून पैसे काढून पटकथालेखनाचा एक मोठा कोर्स करावा असं मनात आहे. नवरा ‘कर’ म्हणाला, पण नंतर त्याने हा विषय काढलेला नाही. मुलगी सात वर्षांची आहे. ऑफिसात पगार कमी करून चार दिवसांचा आठवडा मिळतो, पण त्याने काय होणार? हिशोब सोबत पाठवला आहे. हे वर्ष मला परवडेल का?

उत्तर :

तुमचा हिशोब दोनदा वाचला. अकाउंट्समधल्या माणसाचा आहे हे लगेच कळतं, एकही खर्च सुटलेला नाही. वाचकांना समजायला सोपं जावं म्हणून तुमचा महिन्याचा घरखर्च मी १०० धरते. घराच्या कर्जाचा हप्ता त्यातच आला. या मापाने तुमचा पगार ७०, नवऱ्याचा ६०. म्हणजे दरमहा ३० शिल्लक पडतात. हाताशी असलेली बचत ९००, म्हणजे नऊ महिन्यांचा घरखर्च. निवृत्तीची पुंजी वेगळी.

नोकरी सोडलीत तर घरात ६० येणार आणि १०० जाणार. शिवाय तुमचा आरोग्य विमा कंपनीकडून आहे. तो स्वतः घ्यावा लागेल, त्याचे तुम्हीच लिहिल्याप्रमाणे महिन्याला ३. खड्डा ४३ चा. बारा महिन्यांत ५१६ जातील आणि वर्षअखेर हातात ३८४ राहतील. म्हणजे कागदावर तुमचा बेत बसतो. कोणी तुम्हाला ‘हे अशक्य आहे’ म्हणत असेल तर त्याने आकडेमोड केलेली नाही.

मग माझी अडचण कुठे आहे? सातव्या महिन्यात.

सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ६००, हा अडीअडचणीचा पैसा. त्याला हात लावायचा नाही हे मी प्रत्येकालाच सांगते. एकाच पगारावर चालणाऱ्या घराला तर तो जास्तच लागतो. तुमची ९०० ची बचत महिन्याला ४३ ने उतरत सातव्या महिन्यात त्या रेषेला टेकते. आता लेखनाकडे बघा. पटकथेचं ठरलेल्या मांडणीतलं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, तेव्हा पूर्ण लांबीच्या चित्रपटाला ११० पानं धरू. आराखड्याला दोन महिने, पहिल्या खर्ड्याला चार-पाच महिने. म्हणजे सातव्या महिन्यात तुमच्या हातात पहिला खर्डा असेल. पहिल्या खर्ड्यानंतर लेखकाला सगळ्यांत जास्त काय लागतं? त्यातली निम्मी पानं फेकून पुन्हा लिहायची मोकळीक. नेमकं त्याच महिन्यात बँकेचं ॲप उघडलं की तुमच्या पोटात गोळा येणार. तुम्ही खर्डा फेकणार नाही, घाईने कुणाला तरी दाखवाल. पैशाची भीती लेखनात शिरते ती अशी, आणि माझा विरोध याला आहे. पैसे संपण्याला तितकासा नाही.

दुसरं, वर्ष संपलं म्हणून लेखनाचे पैसे सुरू होत नाहीत. पटकथेचे पैसे पगारासारखे येत नाहीत, टप्प्याटप्प्याने येतात: करारावर सही झाली की थोडे, खर्डा दिला की थोडे, दुरुस्त खर्ड्यावर थोडे, आणि बरेचदा मोठा वाटा चित्रीकरण सुरू होईल तेव्हा. ते सुरू होईलच असं नाही. काही निर्माते पटकथा विकत न घेता ऑप्शन घेतात. म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्ष ती दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढ्यासाठी मूळ किमतीचा लहानसा भाग देतात. मुदत संपली की पटकथा तुमच्याकडे परत येते, ते वर्ष मात्र गेलेलं असतं. नाव झालेल्यांचंही काम बंद पडतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस चालला, त्याआधीचा २००७-०८ चा संप १०० दिवस. म्हणून या व्यवसायात सहा महिन्यांचा राखीव पैसा ही चैन नाही.

कोर्सबद्दल लवकर आटपते, कारण माझं मत पक्कं आहे: निवृत्तीच्या पुंजीतून नको. कोर्सची फी तुमच्या तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी, म्हणजे ३००. ही रक्कम ८ टक्क्यांनी वीस वर्षं राहिली तर १,३९८ होते. महागाई ५ टक्के धरून वजा केली तरी आजच्या भावाने पाच महिन्यांचा घरखर्च. म्हातारपणीचे पाच महिने देऊन तुम्ही काय घेताय, तर लिहिण्याची शिस्त. पण दोन वर्षं, दिवसभराच्या कामानंतर, रात्री दहाला बसून ज्या बाईने २३ पानं लिहिली तिच्याकडे शिस्त आहे. तिला हवी आहे ती डोकं जागं असतानाची वेळ. ती कोर्समध्ये मिळत नाही.

ती विकत मात्र मिळते, आणि तुम्ही सहज लिहून गेलेल्या चार दिवसांच्या आठवड्यात मिळते. ‘पण त्याने काय होणार?’ असं तुम्ही विचारलंय. बघू काय होतं ते.

पगार ८० टक्के झाला की ७० चे ५६ होतील. घरात ११६ येणार, खर्च १००. विमा कंपनीचाच राहील. उरलेल्या १६ मधले ६ मी मुद्दाम संध्याकाळच्या घरकामाच्या मदतीवर घालणार आहे. तरीही महिन्याला १० शिल्लक पडतात. सगळं जसं आहे तसं चालू ठेवलं असतं तर वर्षअखेर १,२६० जमले असते, या मार्गाने १,०२० जमतील. फरक २४०. नोकरी सोडली तर हातात ३८४, आणि पुंजीतून गेलेले ३०० वेगळे. फरक १,१७६. जवळजवळ पाचपट.

आता वेळ मोजा. बुधवार मोकळा घ्या. सोमवार किंवा शुक्रवार घेतलात तर तो शनिवार-रविवारला चिकटतो आणि बघता बघता पाहुणे, बाजारहाट, राहिलेली कामं त्यात शिरतात. बुधवारला कुणी नातेवाईक नसतात. मुलगी शाळेत असताना पाच तास सलग मिळतील. त्याखेरीज तीन सकाळी दीड-दीड तास. आठवड्याचे साडेनऊ तास झाले. दोन तासाला एक पान या बेताच्या गतीनेही आठवड्याला जवळजवळ पाच पानं होतात. आराखड्याला सात आठवडे, ११० पानांना बावीस. म्हणजे एकोणतीस आठवड्यांत, सात महिन्यांच्या आत, पहिला खर्डा तयार. पूर्ण वेळ घरी बसून जेव्हा झाला असता, साधारण तेव्हाच. आणि या वेळी बचत ९०० च्या वर असेल.

त्यानंतर खर्डा तीन आठवडे कपाटात ठेवा आणि मग दीड महिना बिनपगारी रजा घ्या. पुनर्लेखनाला सलग दिवस लागतात, ते सकाळच्या दीड तासात होत नाही. त्याचे ८४ जातील. वर्षअखेर १,०२० ऐवजी ९३६, म्हणजे आजच्यापेक्षा जास्तच.

घरकामाच्या मदतीचे ६ कशाला, असं तुमच्या मनात येईल. तो खर्च लेखनासाठी नाही, तुमच्या मुलीसाठी आहे. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की ती झोपताना विचारते, “आज पण लॅपटॉप?” ती ओळ मला हिशोबातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी वाटली. सकाळ लेखनाला दिली की संध्याकाळ तिची व्हायला हवी. आज ती भांड्यांत आणि कपड्यांच्या घड्यांत जाते. संध्याकाळ विकत घ्या आणि रात्री दहाला लॅपटॉप बंद. तसंही त्या वेळी होणारं लेखन आठवड्याला पाव पानाच्या पुढे गेलेलं नाही.

वेळ विकत घेण्याची ही गोष्ट माझी नाही. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात तीस वर्षांहून जास्त नोकरीला होते. पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून बसायचे आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे. रोज उठवायला एक जुना नोकर होता, त्या कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड जादा द्यायचे. आपल्या यशाचं सर्वाधिक ऋण कदाचित त्याचंच असेल, असं त्यांनी पुढे म्हटलं. मला त्यांच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी बायकोशी विचारविनिमय करून ठरवलं होतं की साठीपर्यंत थांबल्यावर जेवढी पेन्शन मिळाली असती तेवढं उत्पन्न साठवलेल्या पैशातून येऊ लागलं की नोकरी सोडायची. तसं झाल्यावर १८६७ मध्ये सोडली.

तुमच्यासाठी असाच आकडा काढला आहे. ६०० राखीव, त्यावर एका वर्षाचा खड्डा ५१६, मिळून १,११६. वर्षअखेरच्या ९३६ नंतर तुम्ही पूर्ण पगारावर परतलात आणि घरकामाची मदत चालू ठेवलीत, तर महिन्याला २४ पडून आठ महिन्यांत तिथे पोचाल. त्यानंतर नोकरी सोडून एक वर्ष घेतलंत तर राखीव पैशाला धक्का लागणार नाही आणि मी अडवणार नाही. त्याआधी सोडायची असेल तर एकच कारण मला चालेल: सही झालेला करार आणि त्याचा पहिला हप्ता खात्यात जमा. फोनवरचा होकार नाही.

आता नवऱ्याचं गप्प राहणं. जोडपं समोर बसलं की मी एक गोष्ट करते. दोघांना एकेक कोरी चिठ्ठी देते आणि सांगते: बँकेत किती महिन्यांचा खर्च असेल तर तुम्हाला शांत झोप लागते तो आकडा लिहा, एकमेकांना दाखवू नका. मागे एका जोडप्यात तिने ३ लिहिलं होतं आणि त्याने ८. दोघं बराच वेळ त्या दोन चिठ्ठ्यांकडे बघत होते. सहा महिने ज्यावर भांडत होते ते भांडण लेखनाचं नव्हतंच, या पाच महिन्यांचं होतं. तुमच्या नवऱ्याला तुम्ही ‘लिहू का?’ विचारलंत, त्यावर ‘नको’ म्हणणारा नवरा कुणाला व्हायचंय? म्हणून तो ‘कर’ म्हणाला आणि काळजी स्वतःकडे ठेवली. त्याला आकडा विचारा. त्याचा आकडा सहापेक्षा मोठा निघाला तर राखीव रक्कम त्याच्या आकड्याने धरायची, तुमच्या नाही. मग माझे १,११६ वाढतील, वाढू द्या. घरातल्या जास्त घाबरणाऱ्या माणसाला झोप लागली पाहिजे.

व्यवहारातल्या दोन-तीन गोष्टी राहिल्या. कल्पनेला कायद्याचं संरक्षण नसतं, लिहिलेल्या पानांना असतं. तेव्हा कुणालाही दाखवण्याआधी पटकथेची नोंदणी करा. ‘तुमची पटकथा निर्मात्यापर्यंत पोचवतो, आधी इतके भरा’ म्हणणाऱ्याला काही देऊ नका. या व्यवहारात पैसे लेखकाकडे यायचे असतात. करारात किती खर्डे द्यायचे हा आकडा लिहिलेला हवा. तो नसला की फुकट पुनर्लेखनात वर्ष जातं, आणि तुम्ही महिन्याला २० देऊन मिळवलेले बुधवार दुसऱ्याच्या कामाला लागतात.

मॅनेजरशी बोलण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या: चार दिवसांच्या आठवड्यात आरोग्य विमा तसाच राहतो का, निवृत्तीची वर्गणी कितीने कमी होते, आणि वर्षाने पूर्ण पगारावर परत येता येईल हे लेखी मिळतं का. तिसरं लेखी मिळाल्याशिवाय अर्ज देऊ नका. मिळालं की दोघांच्या चिठ्ठ्यांवरचे आकडे मला कळवा, १,११६ चा हिशोब त्याप्रमाणे पुन्हा मांडून पाठवते.