ऑफर मंजूर झाली, पण सासऱ्यांच्या फ्लॅटवर नवऱ्याचं नाव आहे

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या रेडिंगला राहणारं जोडपं. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, पत्र लिहिणाऱ्या ताई डिपेंडंट व्हिसावर, दोघंही नोकरी करतात. वर्षाला मिळून ८८,००० पौंड. तीन बेडरूमच्या टेरेस्ड घरासाठी दिलेली ४,२५,००० पौंडांची ऑफर मालकाने स्वीकारली. जवळ ६२,००० पौंड बचत आहे आणि सासरे २० लाख रुपये द्यायला तयार आहेत. इस्टेट एजंट म्हणतो, मॉर्गेज (गृहकर्ज) आमच्याच ब्रोकरकडून करा, सॉलिसिटर (खरेदीची कागदपत्रं बघणारा वकील) आम्ही देऊ तोच घ्या, शुक्रवारपर्यंत कळवा. नाहीतर घर पुन्हा बाजारात टाकावं लागेल. ब्रोकरच्या कागदावर स्टँप ड्यूटी ६,२५० पौंड लिहिली आहे. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तशी एक ओळ: "चिंचवडच्या फ्लॅटवर सासऱ्यांबरोबर यांचंही नाव आहे, पण ते घर सासऱ्यांचंच. किंमत नव्वदेक लाख असेल. इथे सांगायची गरज नाही ना?"

उत्तर:

ताई, ती शेवटची ओळ पत्रात पहिली असायला हवी होती. एजंट, ब्रोकर आणि सॉलिसिटर यांची गोष्ट मी नंतर करतो, कारण त्यात इकडेतिकडे काही शे पौंडांचा फरक पडेल. या ओळीत सव्वीस हजार पौंडांचा प्रश्न आहे.

ब्रोकरने ६,२५० चा आकडा तुम्हाला 'फर्स्ट टाइम बायर' धरून काढला आहे. पहिलं घर घेणाऱ्याला इंग्लंडमध्ये ३ लाखांपर्यंत स्टँप ड्यूटी नाही आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के. तुमच्या घरावर म्हणून सव्वा लाखाचे ५ टक्के. पण 'पहिलं घर' म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे, जगात कुठेही पहिलं. विकत घेतलेलं, बक्षीस मिळालेलं, वारशाने आलेलं, एकट्याचं किंवा भागीदारीतलं, सगळं मोजतात. आणि दोघं मिळून घर घेत असाल तर दोघंही या अटीत बसायला हवेत. यजमानांचं नाव करारनाम्यावर मालक म्हणून असेल तर ही सवलत गेली. उद्या नाव काढलं तरी ती परत येत नाही, कारण अट 'आत्ता घर नसावं' अशी नाही, 'कधीच नसावं' अशी आहे.

मग साधा दर लागतो: पहिल्या सव्वा लाखावर शून्य, पुढच्या सव्वा लाखावर २ टक्के, उरलेल्या पावणेदोन लाखांवर ५ टक्के. एकूण ११,२५० पौंड. हे सोसण्यासारखं आहे.

खरी धास्ती पुढच्या पायरीची आहे. घर घेण्याच्या दिवसअखेर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नावावर दुसरं घर असेल, तेही जगात कुठेही, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार बसतो. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर ३ चा ५ झाला. तुमच्या बाबतीत तो २१,२५० पौंड, म्हणजे एकूण स्टँप ड्यूटी ३२,५०० पौंड. घर फक्त तुमच्या नावावर घेतल्यानेही हा अधिभार टळत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोला या नियमात एकच धरतात.

यात एक फट मात्र आहे आणि ती तुमच्या अगदी कामाची आहे. दुसऱ्या घरातल्या तुमच्या हिश्शाची बाजारभावाने किंमत ४०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर ते घर अधिभारासाठी धरत नाहीत. ४०,००० पौंड म्हणजे हल्लीच्या दराने ढोबळमानाने ४५ ते ५० लाख रुपये. करारनाम्यात हिस्से लिहिले नसतील तर सहसा निम्मे-निम्मे धरतात, म्हणजे नव्वद लाखांच्या फ्लॅटमध्ये यजमानांचे ४५ लाख. तुम्ही बरोबर काठावर उभ्या आहात. "नव्वदेक लाख असेल" एवढ्यावर २१ हजार पौंडांचा निर्णय घेता येणार नाही. याच आठवड्यात चिंचवडच्या फ्लॅटचं नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून मूल्यांकन करून घ्या आणि अहवाल लेखी घ्या. लक्षात घ्या, भाव आणि विनिमय दर धरायचे ते घराचा ताबा मिळण्याच्या दिवशीचे, ऑफरच्या दिवशीचे नव्हेत.

आणि आधी हेही बघा की यजमानांचं नाव नेमकं कुठे आहे. आपल्याकडे 'नाव आहे' यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून असेल तर ती मालकी नाही. काळजी मिटली, अगदी पहिल्या घराची सवलतही शाबूत. नोंदणीकृत करारनाम्यावर खरेदीदार म्हणून असेल तर मालकी आहे असंच धरून चाला. तिसरा प्रकार मधला: नाव करारनाम्यावर आहे, पण सगळे पैसे सासऱ्यांच्या पीएफचे, हप्ते त्यांनीच फेडले, मुलाचं नाव 'पुढे सोपं जावं' म्हणून घातलं. अशा वेळी मुलगा फक्त कागदोपत्री मालक आहे असा युक्तिवाद इथे करता येतो, पण तो कागदांनिशी सिद्ध करावा लागतो. बहुतेक सॉलिसिटर या प्रश्नावर लेखी मत देणार नाहीत. त्यासाठी स्टँप ड्यूटीचंच काम करणारा कर सल्लागार गाठा. त्याची फी काही शे पौंड जाईल. समोरच्या रकमेपुढे ती काहीच नाही.

मूल्यांकन ४०,००० च्या वर गेलं आणि मालकी खरीच असली, तर ताबा मिळण्याआधी यजमानांनी आपला हिस्सा वडिलांच्या नावे करून देणं हा सरळ मार्ग आहे. तसं झालं तर अधिभार नाही, ११,२५० वर काम भागतं. पण यात घाई चालत नाही. इथून मुखत्यारपत्र करायचं, ते उच्चायुक्तालयातून साक्षांकित किंवा नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून पाठवायचं, भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा, मग बक्षीसपत्राची नोंदणी. 'दोनशे रुपयांत होतं' असं कोणी सांगेल. ती सवलत नवरा-बायको, मुलं, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस देताना आहे. मुलाकडून वडिलांकडे जाताना ती गृहीत धरू नका, मुद्रांक शुल्क किती हे पुण्यातल्या वकिलाला आधी विचारा. आणि 'आधी इथलं घर घेऊ, नाव सावकाश काढू, भरलेला अधिभार परत मागू' हेही नको. तो परतावा आधीचं राहतं घर विकून नवं घेणाऱ्यांसाठी आहे. सासऱ्यांच्या फ्लॅटला तो लागू व्हायचा नाही.

हे सासऱ्यांशी नीट बोला. मुलाचं नाव काढायचं म्हटलं की आपल्या घरांत त्याचा वेगळाच अर्थ निघतो, आणि नणंद असेल तर आणखी. मृत्युपत्रात त्यांना हवं तसं लिहून ठेवता येईलच.

"इथे सांगायची गरज नाही ना?" याचं उत्तर: आहे. स्टँप ड्यूटीचं विवरणपत्र सॉलिसिटर भरतो, पण त्यातली माहिती तुमची आणि जबाबदारीही तुमची. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं निघालं तर एचएमआरसी (इथलं कर खातं) वीस वर्षं मागे जाऊ शकते. त्यात तुम्ही व्हिसावर. पुढे आयएलआरचा (इथे कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज करायचा आहे, तिथे असलं प्रकरण नडतं. "त्यांना कुठून कळणार" म्हणणारे मित्र तेव्हा सही करायला येणार नाहीत.

आता पैशांचं गणित. तुमचे ६२,००० आणि सासऱ्यांचे साधारण १७,०००, मिळून ७९,०००. सॉलिसिटर, सर्च (घराबद्दलच्या सरकारी नोंदींची तपासणी) आणि सर्व्हे (घराच्या बांधकामाची तपासणी) यांना ३,००० बाजूला काढा. स्टँप ड्यूटी ११,२५० असेल तर १५ टक्के डिपॉझिट, म्हणजे ६३,७५०, जेमतेम निघतं आणि हातात हजार पौंड उरतात. ते मला पसंत नाही. तीस वर्षांचं ३,६१,२५० पौंडांचं कर्ज, व्याज समजा पावणेपाच टक्के, तर हप्ता महिना १,८८५ च्या आसपास. खात्यात हजार पौंड ठेवून असा हप्ता सुरू करू नये. डिपॉझिट थोडं कमी ठेवा, व्याज किंचित जास्त पडलं तरी चालेल. स्टँप ड्यूटी ३२,५०० झाली तर जेमतेम १० टक्के डिपॉझिट उरतं, कर्ज ३,८२,५०० वर जातं, आणि व्हिसावरच्या लोकांना ९० टक्के कर्ज देणाऱ्या बँका मोजक्याच. त्या परिस्थितीत माझा सल्ला स्पष्ट आहे: फ्लॅटचं काम मार्गी लागेपर्यंत हे घर सोडून द्या.

कुणी असंही सुचवेल की घर एकट्या तुमच्या नावावर घ्या, कर्जावर दोघं राहा. अधिभाराचा प्रश्न सुटला असेल तर पहिल्या घराची सवलत मिळून ५,००० पौंड वाचू शकतील. मी करणार नाही. असं कर्ज देणाऱ्या बँका कमी, यजमानांचे पैसे घरात असताना ते मालकच नाहीत म्हणणं अवघड, आणि नवऱ्याचं नाव घरावर नसणं ही पाच हजारांपेक्षा मोठी गोष्ट आहे.

सासऱ्यांनी एकट्यांनी २० लाख पाठवले तर १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापून घेईल, म्हणजे २ लाख. ते बुडत नाहीत, विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात. पण पाठवण्याच्या दिवशी त्यांच्या खात्यात २२ लाख लागतात. सासूबाईंच्या स्वतःच्या ठेवी असतील तर दोघांनी दहा-दहा पाठवावेत. पाठवण्याचं कारण 'भेट' असंच लिहावं. इथली बँक आणि सॉलिसिटर दोघंही विचारतील: पैसे परत करायचे नाहीत आणि घरात हक्क नाही असं पैसे देणाऱ्यांच्या सहीचं पत्र, त्यांची खातेपत्रकं, एफडी मोडली असेल तर तिची पावती. हे सगळं आत्ताच मागवा. परदेशातून येणारी भेट चालते का, हे प्रत्येक बँकेत वेगळं असतं, म्हणून ब्रोकरला पहिल्या फोनवरच सांगा. व्हिसा किती शिल्लक आहे तेही.

आता एजंट. तो मालकाचा माणूस आहे, फी मालकाकडून घेतो, आणि ब्रोकर-सॉलिसिटरकडे गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल त्याला बहुधा कमिशनही मिळतं. त्याचेच लोक घ्या अशी अट तो घालू शकत नाही. तुम्ही पैसे उभे करू शकता याची खात्री करून घेणं मात्र त्याचं काम आहे, ते रास्तच आहे. म्हणून भांडू नका. स्वतंत्र ब्रोकरकडून एका बँकेचं 'अ‍ॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल' (कर्ज द्यायला तत्त्वतः होकार) मिळवा, सॉलिसिटरचं नाव द्या आणि दोन्ही ईमेलने शुक्रवारआधी पाठवा. जास्तीत जास्त किती परवडेल हा आकडा एजंटच्या ब्रोकरला सांगू नका. ईमेलमध्येच लिहा: घर बाजारातून काढून टाकल्याचं कळवावं.

ते का, तर इंग्लंडमध्ये ऑफर मंजूर होणं म्हणजे फक्त तोंडी होकार. आपल्याकडे इसारपावती झाली की निदान हातात कागद असतो. इथे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (सह्या झालेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत मालक जास्त पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो आणि तुम्हीही एक पैसा दंड न भरता मागे फिरू शकता. ऑफरपासून चावी मिळेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. तुमच्या बाबतीत ही ढिलाई सोयीचीच आहे, कारण फ्लॅटचा निकाल एक्स्चेंजच्या आधी लागायला हवा. एक्स्चेंजला १० टक्के रक्कम भरली की मागे फिरणं म्हणजे ती गमावणं.

सॉलिसिटर निवडताना तो तुमच्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) आहे का एवढं नक्की विचारा. नसेल तर महिनाभर वाया जातो. स्वस्तातला ऑनलाइन कन्व्हेयन्सर (घर-खरेदीचीच कागदपत्रं करणारा) साध्या व्यवहाराला पुरतो, तुमचा व्यवहार साधा नाही. मला फोन उचलणारं, जवळचं ऑफिस बरं वाटतं, तीन-चारशे पौंड जास्त गेले तरी. पहिल्याच भेटीत चिंचवडची गोष्ट सांगा. सर्व्हे स्वतःचा करा, बँकेचं मूल्यांकन बँकेसाठी असतं. घर जुनं असेल तर लेव्हल ३ (सगळ्यात सखोल), नाहीतर लेव्हल २. सर्व्हेचा अहवाल येईपर्यंत सर्चचे पैसे भरायची घाई नको.

आणि डिपॉझिट पाठवायची वेळ येईल तेव्हा "आमचा खाते क्रमांक बदलला आहे" असा ईमेल आला तर त्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या पत्रावरच्या नंबरवर फोन करून खातं पडताळा, आधी दहा पौंड पाठवा, पोचल्याचं त्यांच्याच तोंडून ऐका आणि मग उरलेले.