नवा टर्बोही ऑइल का फेकतो?

प्रश्न : ऊस ओढणाऱ्या आमच्या ट्रॅक्टरचा टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) बदलला. महिन्याभरातच इंटेकच्या (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या) होजमध्ये ऑइल दिसू लागलं. मेस्त्री म्हणतात, सील गेलं. नवा माल खराब निघाला का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : बहुधा टर्बो निर्दोष आहे. त्यात रबरी सील नसतंच. पिस्टन रिंगसारखी बारीक कडी असते आणि ऑइल मुख्यतः दाबाच्या फरकामुळे आत राहतं. तो फरक उलटला की नवा टर्बोही गळतो.

आधी एअर फिल्टर काढा. गळीत हंगामात पाणंदीच्या धुळीने तो चोंदला, की कॉम्प्रेसरच्या (टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूच्या) तोंडाशी ओढ वाढते आणि ऑइल बाहेर खेचलं जातं. (फिल्टर चाकावर आपटून झाडू नका; कागद फाटला की धूळ थेट ब्लेड खाते.) मग ऑइल परतीची नळी बघा. तिच्यात दाब नसतो, ऑइल नुसतं उतारानं खाली जातं. नळी दबली असेल किंवा गॅस्केटला फासलेली पेस्ट आत आली असेल, तर ऑइल तुंबतं. या पेस्टचा सोस मेस्त्रींनी सोडावा! क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणारी वाट) बुजला तरी हाच प्रकार.

टर्बोच्या शाफ्टला (पंख्याच्या दांड्याला) आडवा किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा, चालतो; पुढे-मागे मात्र साधारण 0.1 मिमीपेक्षा जास्त नको.

टर्बो परत बसवताना ऑइलच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता आणि डिझेल बंद ठेवून 10-15 सेकंद स्टार्टर मारा. लाखभर आरपीएमला (मिनिटाला लाखभर फेऱ्यांना) कोरडं बेअरिंग टिकत नाही. भरल्या ट्रॉलीनिशी कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचल्यावर इंजिन 2-3 मिनिटं स्लोवर ठेवून मगच बंद करा.