पात्रतेचा रकाना आणि उपकेंद्रातलं रजिस्टर

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गातल्या निम्म्या जणांच्या इंटर्नशिप ठरल्या, तुझी नाही, आणि बीएस्सी मायक्रोबायोलॉजी करून एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, आलेल्या मुलीला "डॉक्टर नाही म्हटल्यावर विचारणार कोण?" ही धास्ती. धास्ती अगदीच खोटी नाही, म्हणून आधी कडू भाग उरकते.

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्याचं वेगळं केडर, म्हणजे खास त्याच कामासाठीचा अधिकाऱ्यांचा संवर्ग, रुजलेलं नाही. तमिळनाडूत ते फार आधीपासून आहे. बाकीच्या राज्यांनीही उभारावं असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं, २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. पण एमपीएचच्या पदवीवर थेट कायम सरकारी नोकरी, ही वाट अजून मळलेली नाही. जी पदं निघतात ती बहुतेक राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, कंत्राटी, अकरा महिन्यांच्या आदेशावरची. त्या कर्मचाऱ्यांची कायम सेवेत समायोजनासाठीची आंदोलनं तू बातम्यांत पाहिली असशीलच.

या जाहिराती जिल्ह्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर येतात आणि मुदत जेमतेम असते. पदाचं नाव आणि मानधनाचा आकडा पाहून हुरळू नकोस. पात्रतेचा रकाना आधी वाच. "एपिडेमिऑलॉजिस्ट" म्हणजे साथरोगतज्ज्ञाच्या पुढे बहुतेक वेळा वैद्यकीय पदवी आणि त्यावर एमपीएच किंवा एमएचए (रुग्णालय प्रशासनाची पदव्युत्तर पदवी) असं असतं. म्हणजे बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस झालेले चालतात, तू नाही. तिथे धनाकर्ष काढून अर्ज करणं म्हणजे पैसे पाण्यात. माहितीचं विश्लेषण, कार्यक्रम समन्वय, संनियंत्रण अशा पदांना मात्र पात्रता जिल्ह्यागणिक वेगळी दिसते. ती एकेक करून बघावी लागते, त्याला इलाज नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. राज्य दर खेपेला अभियानाचा आराखडा केंद्राला पाठवतं, तो पीआयपी, आणि मंजूर होऊन येतो तो आरओपी. ती पीडीएफ कमालीची कंटाळवाणी आहे. पण कुठल्या कार्यक्रमाला किती पैसा आणि कोणती पदं मंजूर झाली, ते त्यातच असतं. जाहिरात निघायच्या आधी वारा कुठून वाहतोय ते कळतं. शिवाय मुलाखतीत आरओपी वाचलेला उमेदवार क्वचितच येतो, हे टेबलाच्या पलीकडे बसून सांगते.

आता तुझी बाजू कुठे जड आहे ते. मायक्रोबायोलॉजी झालेल्या मुलीने आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संस्थांकडे पाठ फिरवायचं कारण नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे. तिथे आणि आयसीएमआरच्या इतर संस्थांत प्रकल्पांवर "प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट" नावाची पदं निघतात, अनेकदा थेट मुलाखतीवर, आणि विज्ञानाची पदवी तिथे मोजली जाते. आकड्यांची आवड असेल तर मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करते. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राचं काम बघ: गावोगावच्या जन्म, मृत्यू, स्थलांतराच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत राहणं म्हणजे काय, ते पुस्तकातून कळत नाही. लिहिणं आणि प्रश्न विचारणं शिकायचं असेल तर आरोग्य हक्कांवर काम करणाऱ्या संस्था आहेत, मुंबईची सेहत नाहीतर पुण्याची साथी. धारावीतलं स्नेहा या संस्थेचं काम शहरी आरोग्यासाठी. गडचिरोलीची सर्च आणि जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प ही नावं तुझ्या यादीत होतीच. तिथे जायची इच्छा सगळ्यांनाच असते, म्हणून अर्ज लवकर कर आणि तेवढ्यावर विसंबू नकोस. जिनिव्हाचं म्हणशील तर डब्ल्यूएचओ इंटर्नला आता विद्यावेतन देते, अर्ज जरूर टाक, आणि मग विसरून जा.

पण नावांपेक्षा महत्त्वाचं सांगायचंय ते वेगळंच. दोन महिन्यांत एक लहानसं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत तुझ्या एकटीच्या हातून होईल आणि तुझं लिखाण कुणीतरी लाल पेनाने तपासेल, अशी जागा निवड. मोठ्या संस्थेत बसून दुसऱ्याची सादरीकरणं सजवलीस तर प्रमाणपत्र मिळेल, सांगण्यासारखं काही मिळणार नाही.

आमच्याकडे आलेल्या एका मुलीचं सांगते. तिला एका उपकेंद्राचं गरोदर मातांचं रजिस्टर दिलं होतं. पुष्कळ ओळींत प्रसूतीचा रकाना कोरा. सरकारी पोर्टलवरही तेच, आणि दर महिन्याच्या बैठकीत आरोग्यसेविकेला त्यावरून बोलणी. या मुलीने कोऱ्या ओळींची यादी केली आणि आशाताईंबरोबर घरोघर गेली. बहुतेक पहिलटकरणी निघाल्या. सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी गेलेल्या, तिथे दवाखान्यातच बाळंत झालेल्या, बाळाला बीसीजीही मिळालेली. फक्त सासरच्या उपकेंद्राला कुणी कळवलं नव्हतं. काही ओळी मात्र खरोखर काळजीच्या होत्या: ऊसतोडीला गेलेल्या बायका, ज्यांची तपासणी कुठेच झाली नव्हती. रजिस्टरात दोन्ही प्रकारच्या ओळी सारख्याच कोऱ्या. तिने दोन पानांचं टिपण लिहिलं. त्यात एकच सूचना होती, की सातव्या महिन्याच्या तपासणीला माहेरच्या गावाचं नाव आणि तिथल्या आशाचा फोन नंबर शेऱ्यात लिहून घ्यावा. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ते टिपण बैठकीत वाचून दाखवलं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत "फील्डमध्ये काय केलंत?" असं विचारल्यावर तिने तीच दोन पानं पुढे सरकवली, आणि बाकीचा वेळ त्यावरच बोलणं झालं. (रजिस्टरचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, हे तुला सांगायला नको. त्यात बायकांची नावं असतात.)

फील्डला कधी जातेस तेही बघ. विद्यापीठाची सुट्टी मे-जूनची, पण गावांचं वेळापत्रक वेगळं. मोखाडा, जव्हारकडची दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली घरं पावसाच्या तोंडावर परततात. मेच्या सुरुवातीला गेलीस तर कुलपं मोजत बसशील. कुपोषणावर काम करायचं असेल तर ते पावसाळ्यात जास्त दिसतं, आणि नेमके तेव्हाच रस्ते बंद होतात. अर्ज करतानाच हे विचारलंस तर समोरच्याला कळतं की ही मुलगी गाव ओळखते.

अर्जाचं म्हणशील तर तू पाठवलेला नमुना इंग्रजीत छान आहे आणि अगदी निरुपयोगी आहे. "हायली मोटिव्हेटेड" आणि "पॅशनेट" असे मेल मला रोज येतात, नाव बदललं तरी फरक पडणार नाही असे. त्याऐवजी सहा-सात ओळी पुरेत. अमुक विद्यापीठात एमपीएचच्या पहिल्या वर्षाला आहे. अमुक तारखेपासून आठ आठवडे मोकळी आहे. कोबो या सर्वेक्षणाच्या ॲपवर प्रश्नावली तयार करता येते, एक्सेलमध्ये पिव्होट टेबल येतं, आकडेवारीसाठीची आर ही संगणकभाषा शिकते आहे. मराठी, हिंदी, आणि घरची अहिराणी. तुमचा अमुक अहवाल वाचला, त्यातल्या अमुक तक्त्यावरून हा प्रश्न पडला. बस. अहिराणी तू नमुन्यात लिहिलीच नव्हतीस! धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सपाटीवर काम करणाऱ्या संस्थेला तुझी ती एक ओळ पदवीहून मोलाची वाटेल. सातपुड्यात चढलीस की भिली, पावरी लागते, तिथे दुभाषी असतो का ते विचार.

उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण कर. तरीही नाही आलं तर फोन. संस्थांतली माणसं उद्धट नसतात, दौऱ्यावर असतात.

पैशाचं बोलायला लाजू नकोस. विद्यावेतन नसेल तर निदान राहणं, जेवण आणि फील्डचा प्रवासखर्च कोण देणार, हे आधी लेखी घे. मुलींनी तर संध्याकाळी परतायची गाडी कुठली आणि मुक्काम कुणाकडे, हेही विचारावं. त्यावर भुवया उंचावणाऱ्या संस्थेत जाऊ नये. आणि पुढे नोकरीच्या वेळी एक प्रश्न न चुकता विचार: या प्रकल्पाला पैसा कुणाचा आणि कधीपर्यंत? २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा बदलला, परदेशी निधी एका संस्थेकडून दुसरीला देणं बंद झालं, आणि मोठ्या संस्थांच्या आधारावर चालणाऱ्या लहान संस्था अडचणीत आल्या. २०२५ च्या सुरुवातीला यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा पैसा थांबला तेव्हा चांगली, अनुभवी माणसं महिन्याभरात घरी बसली. त्यांच्या कामात खोट नव्हती. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून दिलेला, पैसा देशातलाच असला तरी कंपनीची मर्जी दरवर्षी बदलू शकते. हे ऐकून घाबरून जाऊ नकोस, पण सही करताना ठाऊक असू दे.

घरच्यांचं "एमपीएससी का देत नाहीस?" चालूच राहील. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, माझ्या आईचं अजून चालू आहे.

आता काम. तीन संस्था निवड, प्रत्येकीचा एकेक अहवाल खरोखर वाच, आणि तीन वेगळे मेल लिहून रविवारपर्यंत मला पाठव. पीडीएफ नको, वर्ड फाईलच पाठव, म्हणजे मला खाडाखोड करता येईल.

तुझी,
ताई