घंटागाडी कोणत्या गल्लीत गेलीच नाही?

प्रश्न : आमच्या नगर परिषदेच्या घंटागाड्यांचे जीपीएस ठिपके क्यूजीआयएसमध्ये (नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत) घेतले, तर ते उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात पडले. ते सुधारून ५० चा बफर (भोवतीचा ठराविक रुंदीचा पट्टा) काढला, तर अख्खा देश झाकला गेला. काय चुकतंय? — एक वाचक, तुळजापूर

उत्तर : पहिली चूक अदलाबदलीची. सीएसव्ही (ठिपक्यांच्या नोंदींची तक्ता-फाइल) जोडताना 'एक्स'मध्ये रेखांश (तुमच्याकडे ७६च्या आसपास) आणि 'वाय'मध्ये अक्षांश (१८) हवा. दुसरी चूक एककाची. ईपीएसजी ४३२६ या अंशांत मोजणाऱ्या स्थाननिर्देशक प्रणालीत ५० म्हणजे ५० अंश, आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा. म्हणून ठिपक्यांचा थर (लेयर) ईपीएसजी ३२६४३ या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत नव्याने जतन करा. नुसती प्रोजेक्टची प्रणाली बदलून भागत नाही, थर अंशांतच राहतो. (किनवटकरांना मात्र ३२६४४ लागेल, ते ७८ रेखांशाच्या पूर्वेला आहेत.)

मग 'पॉइंट्स टू पाथ'ने वेळेच्या क्रमाने रेषा जोडा, बफर काढा आणि रस्त्यांच्या थरातून 'डिफरन्स'ने वजा करा. उरतील ते सुटलेले रस्ते.

खरी गोम बफरच्या रुंदीत आहे. जुन्या गावठाणात गल्ल्या इतक्या चिकटून असतात की ५० मीटरमध्ये शेजारच्या दोन-तीन गल्ल्याही 'झाल्या' म्हणून दिसतात. तिथे १० ते १५ मीटर ठेवा, नव्या वसाहतींत २५ चालेल. नोंद दर ३० सेकंदांनी होत असेल, तर ताशी १० किलोमीटरने गाडी तेवढ्यात ८० मीटर पुढे जाते आणि रेषा घरांवरून कापत जाते. यंत्र १० सेकंदांवर लावून घ्या.

रस्त्यांचा थर ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या मुक्त नकाशावरून घेतला, तर त्यात बोळ बहुधा अपुरे असतात. ते मुकादमाला सोबत घेऊन, पायी फिरूनच भरावे लागतात.